एका मांडवातली चौघे

“झालं आमचं. जावा आता आत, तुमचं बी चित्र काढून घ्या,” असे म्हणत सुधाकर दाजी समुपदेशन केंद्राच्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्यामागे दार आपसूक लागले.

बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात एका लांब बाकावर आम्ही ओळीने बसलो होतो. भिंतीकडच्या टोकाला माझे वडील, अण्णा. दुसऱ्या टोकाला त्यांची बहीण, शेवंता आत्ती. मध्ये माझी थोरली बहीण वैजयंता. तिला मी अक्का म्हणतो. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो तिने गळ्यातल्या पट्टीत एखाद्या परक्या माणसाचे ओझे धरावे तसा धरला होता. तिच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी माझी बायको, उमा. उमेच्या पायाशी तिची निळी बॅग होती.

सुधाकर दाजी म्हणजे अक्काचे यजमान आणि उमेचे सख्खे भाऊ. त्यांनी त्या बॅगेकडे पाहिले.

“भरली वाटतं. बरं झालं. खाली गाडी उभी हाय. तुमचं आटपलं की आणून बसवा. मी थांबतो.”

“थांबायचं काय कारण न्हाई,” अण्णा म्हणाले. “आमच्या उंबऱ्यावर येऊन हात जोडा. बॅग आपल्या आपण घरला परत जाईल.”

“हात जोडू? तुमच्या लेकीनं माझ्या आईच्या अंगावर ताट फेकलं, त्याचे हात कुणी जोडायचे?”

“तुम्ही हात मोडला तिचा.”

“जिन्यात पडली ती.”

“व्हय,” अक्का म्हणाली. “त्या जिन्याला तुमच्यासारख्याच मिशा होत्या.”

दाजी एक पाऊल पुढे आले. उमा उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिने भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होतो.

“बघा म्हेत्रे,” दाजी अण्णांना म्हणाले, “माझी बहीण मला जड न्हाई. पाठवा. पण मग तुमची तुम्ही जन्मभर सांभाळा.” आणि ते जिना उतरून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिला.

त्या सकाळीला आता पुष्कळ वर्षे लोटली. कोल्हापुरातले ते केंद्रही आता तिथे नाही. परंतु त्या बाकाचा थंडपणा अजून माझ्या अंगात कुठेतरी आहे. अक्का मोडका हात घेऊन इचलकरंजीला परत आली, तेव्हा अण्णांनी जेवणाच्या पाटावरून निकाल देऊन टाकला होता. सुधाकरने येऊन माफी मागावी. न मागितल्यास उमेला माहेरी पोचवायचे, आणि ते कायमचे. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी तक्रार लिहिण्याआधी दोन्ही घरच्यांना या केंद्रात पाठवले, एवढाच काय तो मधला मुक्काम. इथून बाहेर पडताना उमा एक तर आमच्यासोबत घरी जाणार होती, किंवा दाजींच्या गाडीत बसून माझ्या आयुष्यातून. आणि या गोष्टीवर माझे मत कुणी विचारले नव्हते. विचारले असते, तरी मला ते मोठ्याने सांगता आले असते याची मला खात्री नव्हती. तळमजल्यावर दिवसभर यंत्रमाग खडखडत असलेल्या घरात मी वाढलो. हळू आवाजाच्या माणसाने तिथे बोलणेच सोडून दिलेले असते. मी कापडाची नक्षी ग्राफ पेपरवर उतरवत असे. तेवढेच काम मला बिनबोलता करता येई.

आतली खोली लहान होती. गोल टेबलावर पांढराशुभ्र मोठा कागद पसरलेला होता आणि त्याभोवती रंगीत स्केच पेने. नाईकनवरे मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. त्यांना सर्दी झाली होती, आणि आमच्याआधीच्या तासाभरात सुधाकर दाजींनी त्यांना पुरते दमवले होते हे दिसत होते.

त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्याशेजारी एक वर्तुळ.

“हे काय, पत्रिका?” अण्णांनी विचारले. “आमची लग्नं पत्रिका बघूनच झाल्यात.”

“पत्रिका नव्हे. याला जीनोग्राम म्हणतात. घराचा नकाशा समजा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. वंशावळीत कोण कुणाचं एवढंच कळतं. इथं कुणाचं कुणाशी कसं आहे, तेही मांडायचं.”

“ते तोंडानं सांगतो की. कागद कशाला नासायचा?”

“तोंडानं सांगताना सगळी एकदम बोलतात हो,” मॅडम रुमालाने नाक पुसत म्हणाल्या. “कागदावर एका वेळी एकच पेन चालतं.”

त्यांनी विचारत विचारत माझे आजोबा काढले, आजी काढली, दोघांवर फुल्या मारल्या. त्यांच्याखाली अण्णांचा चौकोन आणि आत्तीचे वर्तुळ. अण्णांच्या शेजारी आईचे वर्तुळ, आईवरही फुली. मॅडमनी ती अगदी हलक्या हाताने मारली, तरी मला पाहवले नाही. खाली अक्का आणि मी. कागदाच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी रेंदाळकरांचे घर मांडले: त्यांचे गेलेले वडील, आई, सुधाकर, उमा. मग लग्नाच्या रेघा. अक्कापासून निघालेली रेघ सुधाकरांपर्यंत गेली, माझ्यापासून निघालेली उमेपर्यंत, आणि दोन्ही रेघा कागदाच्या ऐन मध्यावर एकमेकींना छेदून गेल्या.

“साटंलोटं,” मॅडम म्हणाल्या.

“एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर,” अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वरात अभिमान होता. “हुंडा न्हाई, मानपान न्हाई. त्यांची आमच्यात, आमची त्यांच्यात. दोन्हीकडं धाक राहतो.”

“धाक कसला?”

“आपली पोरगी त्यांच्या घरात हाय म्हटल्यावर माणूस दुसऱ्याच्या पोरीला जपून वागवतो.”

“आणि नाही वागवलं तर?”

“तर परत.”

“कुणाला?”

“दोघींना,” अण्णा म्हणाले. इतकी साधी गोष्ट विचारावी लागते, याचे त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले.

मॅडमनी रेघांचे प्रकार सांगितले. जवळीक असेल तिथे दुहेरी सरळ रेघ. वैर असेल तिथे करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी. नाते तुटले असेल तर रेघेवर दोन तिरके छेद. मग लाल पेन त्यांनी अक्कापुढे ठेवले.

“डाव्या हातानं जमेल?”

“वैर काढायला उजवा कशाला लागतोय?” अक्का म्हणाली.

तिने स्वतःपासून सुधाकरांपर्यंत दातेरी रेघ ओढली. पेन तिथे थांबेल असे मला वाटले होते. ते थांबले नाही. अक्काने दुसरी रेघ काढली, उमेच्या वर्तुळापर्यंत, आणि शेवटी इतका जोर दिला की कागद फाटला.

“त्यांनी काय केलं तुमचं?” मॅडमनी विचारले.

“काही न्हाई केलं. हिला बघितलं की मला त्याचं नाक दिसतंय. सकाळी चहा घेऊन येते, तेच नाक. माझा संसार मोडला, आणि ही माझ्याच माहेरात माझ्याच भावाला गरम भाकरी वाढत्या. मी आतल्या खोलीत पडून आवाज ऐकते. दोघांच्या हसण्याचा.”

“तुम्ही आल्यापासून आम्ही एकदाही हसलो नाही, वन्सं,” उमा म्हणाली.

“तेच म्हणते मी. आधी हसत होता न्हवं?”

उमेला अक्का एका नात्याने नणंद लागे, दुसऱ्या नात्याने वहिनी. लग्नात करवल्या यावरून किती हसल्या होत्या. त्या खोलीत मात्र ती दोन्ही नाती दोन दोरांसारखी एकमेकींत गुंतली होती, आणि कुठला ओढला म्हणजे कुणाला काचेल हे कळत नव्हते.

मॅडमनी उमेच्या हाती निळे पेन दिले. उमेने अक्काच्या फाटक्या रेघेला हात लावला नाही. आपल्या वर्तुळापासून माझ्या चौकोनाच्या दिशेने ती दुहेरी रेघ काढत आली. सावकाश, पट्टीने आखावी तशी सरळ. बोटभर अंतर उरले असताना तिने पेन उचलले.

“पूर्ण करा ना,” मॅडम म्हणाल्या.

“पुढचं त्यांनी काढायचं,” उमा म्हणाली, आणि पेन माझ्यापुढे ठेवले.

मी पेन हातात घेतले. अण्णांची नजर मला न पाहताही कळत होती.

“त्याला कशाला विचारताय?” अण्णा म्हणाले. “तो माझ्या शब्दाबाहेर न्हाई.”

मॅडमना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, “बरं, ती रेघ राहू द्या. तुम्ही आधी वरची एक सांगा. तुमचे वडील आणि तुमची आत्या. त्यांचं कसं आहे?”

हा प्रश्न सोपा होता. अण्णांच्या चौकोनापासून आत्तीच्या वर्तुळापर्यंत मी जाड, दुहेरी, देखणी रेघ काढली. आत्ती फार तरुणपणी नवऱ्याकडून परत आली होती आणि तेव्हापासून भावाच्या घरात राहत होती. अण्णांनी तिला कधी काही कमी पडू दिले नव्हते. दोघांत कधी भांडण झालेले मी ऐकले नव्हते.

“ते दोघं बोलत नाहीत,” उमा म्हणाली.

“कोण बोलत नाही?” मी विचारले.

“अण्णा आणि आत्ती. एकमेकांशी. आपलं लग्न झाल्यापासून मी बघते. ‘उमा, आत्तीला सांग, चहा टाक.’ ‘उमा, अण्णाला सांग, डॉक्टरकडं जाऊन ये.’ दोघं एकाच खोलीत असतात आणि मी मध्ये उभी राहून सांगते. माझ्याआधी तुम्ही सांगायचा. तुमच्याआधी आई सांगायच्या.”

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. मी ते रोज पाहत आलो होतो. पण खाली माग चालू असले की आमच्या घरात सगळेच खुणांनी बोलत, एकाचा निरोप दुसऱ्याकरवी पोचवत. त्या खडखडाटात हाही निरोप मिसळून गेला होता. शिवाय वडीलधाऱ्या भावंडांतला हा आदर आहे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मी माझ्या देखण्या दुहेरी रेघेकडे पाहिले.

“सून म्हणून आणली, आणि घरातलं बाहेर सांगायला लागली!” अण्णांचा आवाज चढला. “बघितलंत मॅडम? त्याच रक्ताची. भावासारखीच.”

“अण्णा, मी खोटं सांगितलं का?”

“तू तोंड उघडूच नकोस. तुझं आमच्या घरातलं संपलंय.”

मॅडमनी आवाज न चढवता विचारले, “तुम्ही बहिणीशी बोलत नाही, हे खरं?”

“मुकुंदा,” अण्णा म्हणाले, “आत्तीला सांग, घरचं घरात राहू दे.”

मी तोंड उघडले. खरोखरच उघडले, “आत्ती” एवढा शब्द बाहेरही पडला.

“ऐकलं मी,” आत्ती म्हणाली. “बहिरी न्हाई झाले अजून.” त्या दिवसातले हे तिचे पहिले बोलणे. ती मॅडमकडे वळली. “तुम्ही त्याच्या शेजारी एकच बाई काढलीय. एक राहिली.”

“म्हणजे?”

“त्याची पहिली. त्याचं पहिलं लग्न रबकवीला झालं. माझं बी तिथंच, तिच्या भावाशी. एकाच मांडवात.”

अक्काने माझ्याकडे पाहिले. मी अण्णांकडे. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. तिथे समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरे काही नव्हते.

“पारू नाव तिचं,” आत्ती सांगू लागली. तिचा स्वर भाजी निवडताना बोलावे तसा होता. “उंच होती. खाली मागावर त्याचा डबा घेऊन जायची आणि वर यायला उशीर लावायची. आमची आई चिडायची. एवढ्या खडखडाटात काय बोलत असतील गं, म्हणायची. मग एका श्रावणात मी आले. मारहाण न्हाई, काय न्हाई. सासूशी भांडून, रुसून आले होते. श्रावण झाला की परत जाणारच होते. पण आप्पांनी, आमच्या बापानं, उंबऱ्यावर अडवून विचारलं, का आलीस? मी रडले. रडले तिथंच सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी पारूला एसटीत बसवलं.”

“आणि अण्णा?” अक्काने विचारले.

“तो मागावर होता. ती पिशवी घेऊन मागाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी जिन्यातून बघत होते. त्यानं वर बघितलं न्हाई. मान खाली घालून तुटलेला धागा सांधत बसला. लई वेळ उभी होती बिचारी. मग गेली.”

मॅडमनी कुणाला न विचारता अण्णांच्या डाव्या बाजूला पारूचे वर्तुळ आणि तिच्या भावाचा चौकोन काढला. लग्नाची रेघ ओढली आणि तिच्यावर दोन तिरके छेद दिले. आत्तीच्या लग्नाची रेघही त्यांनी तशीच काढली. त्या दोन रेघाही एकमेकींना छेदून गेल्या. नक्षीच्या कामात जिथे आकृती संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तिथे आम्ही कागदावर एक खूण करतो. तिथून पुढे काही नवे काढायचे नसते, आहे तेच उतरवत जायचे असते. माझी नजर वर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांवरून खालच्या तशाच रेघांवर आली. खालच्या रेघांवर फक्त छेद तेवढे द्यायचे राहिले होते.

“त्या दिवसापासून हा माझ्याशी बोलला न्हाई,” आत्ती म्हणाली. “हाकलली बापानं. बापाचे पाय मरेपर्यंत चेपले ह्यानं, आप्पा आप्पा करत. अबोला कुणाशी, तर माझ्याशी.”

“आणि तू पारूला पाठवू नका म्हणाली न्हाईस?” अक्का म्हणाली.

“न्हाई.”

“का?”

“बरं वाटलं मला,” आत्ती म्हणाली. “माझं गेलं, तर तिचं का राहावं? तुला वाटतंय तसंच. चार दिवस लई बरं वाटलं.”

अक्काने मान फिरवली. आत्ती पुढे झुकली आणि तिच्या प्लास्टरवर आपला सुरकुतलेला हात ठेवला. त्या स्पर्शात माया होती असे मला आजही म्हणवत नाही.

“ये की, वैजू. माझ्या खोलीत जागा हाय. माझी खाट खिडकीपाशी, ती काय मी सोडणार न्हाई. तुझी दाराकडं टाकू. मुकुंदाची बायको आज गेली की उद्यापासून तो तुझ्याशी बोलायचा न्हाई. पहिल्यांदा रडू येतं. मग सवय हुते. सण आला की साडी आणून देतो, कुणाच्या तरी हातनं.”

“मी तसा नाही,” मी म्हणालो; पण ते कुणाला ऐकू गेले नाही.

“त्याला मी काय वाईट म्हणत न्हाई,” आत्ती म्हणाली. “पोरगं चांगलं हाय. हा बी चांगलाच होता.”

अण्णा खिडकीपासून वळले. त्यांचा चेहरा पार कोरडा होता.

“झालं सगळ्यांचं?” ते म्हणाले. “मी बापाचा शब्द मोडला न्हाई. काय वाईट झालं माझं? चाराचे बारा माग केले, घर बांधलं, दोन लेकरं झाली. माणूस मरत न्हाई असल्यानं.” हे म्हणताना त्यांनी टेबलावर हात टेकवला, आणि त्यांचा अंगठा नेमका मॅडमनी नव्याने काढलेल्या वर्तुळावर पडला. ते वर्तुळ पूर्ण झाकले गेले. त्यांना ते कळले की नाही, कुणास ठाऊक. “मुकुंदा, ऊठ. बॅग घे. खाली पोचव.”

उमा उठली. तिने पदर खांद्यावर नीट घेतला. माझ्याकडे तिने पाहिले नाही. तिची बोटभर राहिलेली रेघ माझ्या चौकोनापुढे थांबलेली होती. एखादे माणूस दारात उभे असावे तशी.

निळे पेन अजून माझ्या हातात होते. मी ते माझ्या चौकोनाच्या कडेला टेकवले आणि उमेच्या दोन्ही रेघा येऊन मिळतील तशी उरलेली जागा भरून काढली. माझ्या बाजूचे टोक वेडेवाकडे आले.

“मी बॅग उचलणार नाही,” मी म्हणालो.

“काय?”

ते मुद्दाम विचारत नव्हते. त्यांना खरोखरच ऐकू आले नव्हते. तिथे माग नव्हते, तरी माझा आवाज मागाखालचाच होता.

“मी बॅग उचलणार नाही. उमा कुठंही जाणार नाही. तिला जायचं असेल तर ती सांगेल. तुम्ही नाही, दाजी नाहीत, आणि मीही नाही.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत एक क्षण असा काही भाव आला की त्यांना राग आला आहे की हेवा वाटतो आहे, हे मला कळेना. मग तो भाव गेला. त्यांनी अक्कापुढचे लाल पेन उचलले. आपल्या चौकोनापासून माझ्या चौकोनापर्यंत एक रेघ आखली आणि तिच्यावर दोन तिरके छेद दिले. त्यांची रेघ जराही वाकडी गेली नाही.

“बायको ठेव,” ते म्हणाले. “बाप मेला म्हणून समज.”

त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले. माझ्याशी बोललेले ते त्यांचे शेवटचे पुरे वाक्य.

दारापर्यंत जाऊन ते थांबले. सवयीने वळून माझ्याकडे पाहत म्हणाले, “आत्तीला...” आणि मध्येच गप्प झाले. ते तसेच उभे राहिले, दाराची कडी हातात धरून. आत्ती त्यांच्याकडे पाहत होती. एवढ्या वर्षांनी तिच्याशी त्यांना ‘चल’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा. मग त्यांनी दार उघडले आणि ते निघून गेले.

“आले, आले,” आत्ती रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाली. “सांगायला आता कुणी उरलं न्हाई त्याला. काय करील म्हातारा?” आणि गुडघ्यावर हात देत ती उठली. जाताना तिने अक्काला विचारले, “येतीयस?”

“न्हाई,” अक्का म्हणाली.

आत्ती गेल्यावर अक्का माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुझ्यासाठी न्हाई राहिले हं. मला दाराकडची खाट नको.”

मॅडमनी तक्रार नोंदवण्यासाठी कुठे जायचे, कुणाला भेटायचे ते अक्काला समजावून सांगितले. हाताच्या डॉक्टरी कागदांची विचारपूस केली. आम्हाला कुठे जायचे हे मात्र त्यांनी विचारले नाही, आणि ते बरेच झाले. शाहूपुरीत माझा एक मित्र राहत होता; त्याच्या माडीवरची खोली रिकामी असल्याचे मला ठाऊक होते. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते.

खाली सुधाकर दाजी गाडीला टेकून उभे होते. उमेला पाहताच त्यांनी मागचे दार उघडले.

“बस.”

उमा गाडीपाशी गेली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. माझी रेघ तिने मानली होती की नाही, हे मला अजून कळले नव्हते. मी ती पुरी केल्यापासून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “आईला सांग, मी बरी आहे. आणि पोलिसांनी मला विचारलं, तर जिन्याला मिशा होत्या म्हणून मीही सांगणार आहे.”

“डोकं फिरलंय तुझं? सख्ख्या भावाविरुद्ध?”

“माझ्या जिवावर वहिनीचा हात मोडायचा, आणि तिच्या जिवावर मला गाडीत घालायचं. मी काय तारण आहे का तुमचं?” तिने दार ढकलले. ते धाडकन लागले. रस्त्यावरचे एक-दोघे थांबून पाहू लागले.

“म्हेत्र्यांनी हाकलली, मी बी पुन्हा दार उघडायचा न्हाई! कुठं जाशील?”

“ते आम्ही बघू,” ती म्हणाली. त्या ‘आम्ही’मध्ये मी होतो की नाही, ते मी विचारले नाही. मी तिच्यामागून चालू लागलो.

ऊन तापले होते. रस्ता थोडा चढाचा होता. उमा बॅग घेऊन झपाझप पुढे चालली होती; मी बॅगेला हात घालायला गेलो, तेव्हा तिने तो झिडकारला. “इतके दिवस तोंडात काय धरलं होतं?” एवढेच ती म्हणाली. मी मागे पडलो. माझ्याही मागे अक्का, एका हाताने दुसरा हात सांभाळत, धापा टाकत येत होती. आम्ही तिघे एका घराला निघालो होतो आणि तिघांत मिळून रस्ताभर अंतर होते.

मी अक्कासाठी थांबलो. तिने घाम पुसला आणि पुढे, उमेच्या पाठीकडे पाहिले. तिच्या कपाळावर तीच आठी होती, जी कागद फाडताना होती.

“मुकुंदा,” ती म्हणाली, “तिला सांग, जरा हळू चाल म्हणावं. हात ठणकतोय माझा.”

माझे तोंड उघडले होते. “उमा” हा शब्द जिभेवर आला होता; इतका सहज, की तो माझा आहे असेही मला वाटले नाही. मी तो गिळला.

“तू सांग,” मी म्हणालो.

अक्काने माझ्याकडे अशा काही द्वेषाने पाहिले, की तोच मला तिचा आजवरचा सर्वांत खरा चेहरा वाटतो. मी मान खाली घातली नाही. आमच्या बाजूने एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. धूळ उडाली, बसली.

“ए उमे!” अक्का ओरडली. तिचा आवाज चिरकला. “मारायला निघालीस काय आम्हाला? थांब की जरा!”

उमा थांबली. वळून मात्र तिने पाहिले नाही.